एकांत नसलेल्या घरांतील जवळीक

लघुपटाच्या पंधरा-वीस मिनिटांत दोन माणसांमधली जवळीक उभी राहत नाही, केवळ शेवटचा धक्का तेवढा उरतो, असे एक मत मांडले जाते. धक्कातंत्रावर बेतलेल्या लघुपटांपुरते ते मला मान्य आहे, आणि असे लघुपट उदंड आहेत. मात्र या चर्चेत घराच्या जागेचा विचार राहून गेला आहे. ‘लस्ट स्टोरीज’ (2018) या चार लघुपटांच्या संग्रहातील झोया अख्तर यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात मुंबईतला एक लहानसा फ्लॅट आहे. तिथे घरकाम करणारी सुधा आणि त्या घरातला तरुण यांची शारीरिक जवळीक सुरुवातीलाच दिसते, आणि लगेच सुधा फरशी पुसताना दिसते. पुढे त्याच घरात त्याचे लग्न ठरते, तेव्हा ती चहा करत असते. सुधा साकारणाऱ्या भूमी पेडणेकर यांच्या वाट्याला संवाद अगदी मोजके आहेत. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यातले अंतरच सगळे सांगते. नीरज घायवान यांच्या ‘ज्यूस’ (2017) या लघुपटामध्येही हीच विभागणी आहे : पुरुष कूलरसमोर, बायका उकाड्यात ओट्यापाशी.

चाळीत वाढलेल्या आमच्या पिढीला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण एका खोलीत सहा माणसे झोपत असताना नवराबायकोचे खासगी बोलणे गच्चीवर किंवा चौपाटीवरच होत असे. त्यामुळे लघुपटाची लांबी कमी असल्याची तक्रार मला दुय्यम वाटते. दिग्दर्शकाने पात्रांना कोणत्या जागेत ठेवले आणि तिथे एकांत कोणाला परवडतो, हे आधी पाहावे.