आधी तोल की आधी अक्षर? (चर्चा)

तिसरा_बाक

बहिणीची मुलगी सहा वर्षांची आहे. गेले तीन आठवडे संध्याकाळी तिला लिहायला बसवायचं काम माझ्याकडे आलंय. पाच मिनिटांत एक पाय खुर्चीवर, मग दोन्ही पाय, मग उभी, मग टेबलावर आडवी. पहिला आठवडा मी "नीट बस" हे दोनच शब्द बोलले असेन. दुसऱ्या आठवड्यात तोंड बंद ठेवून नुसतं बघायचं ठरवलं.

ती उजव्या हातानं लिहिते आणि डाव्या हातावर डोकं तोलून धरते. म्हणजे कागद धरायला हातच उरत नाही. कागद सरकतो, ओळ वर चढत जाते, 'ध'चं वरचं वळण शिरोरेषेला जाऊन चिकटतं आणि त्याचा 'घ' होतो. मी ओरडत होते अक्षरावरून आणि दुखणं होतं पाठीत. तिचे पाय जमिनीला टेकतच नव्हते. पायाखाली खोकं ठेवलं, बुडाखाली उशी देऊन कोपर टेबलाच्या पातळीला आणलं. त्याच संध्याकाळी डावा हात आपसूक कागदावर आला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पाटी-पेन्सिल हातात द्यायच्या आधी पोरांना पोटभर चढू द्यावं, लोंबकळू द्यावं, लोळू द्यावं. नवजात बाळाच्या मनगटातली आठही छोटी हाडं कूर्चेचीच असतात, ती एकेक करून पक्की होतात, शेवटच्याला तर ८ ते १२ वर्षं लागतात. अशा हातांकडून आपण साडेतीन-चार वर्षांच्या वयात अक्षरं गिरवून घेतो! आणि परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. किती मुलांना मिळते?

शरीर तयार नसताना अभ्यास लादणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. तुम्हाला काय वाटतं?

उलटतपासणी

असहमत. खोकं ठेवलंत ते उत्तम केलंत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोक्यापेक्षा बराच मोठा आहे.

मनगटाच्या हाडांचं चित्र सगळीकडे फिरतं. माहिती खरी, अर्थ चुकीचा. शेवटचं हाड बाराव्या वर्षी पक्कं होतं म्हणून तोवर लिहायला शिकवायचंच नाही का? कूर्चेच्या मनगटानं चार वर्षांचं पोर शर्टाचं बटण लावतं, कात्री चालवतं. पेन्सिल धरणं हा ताब्याचा आणि सरावाचा प्रश्न आहे.

दुसरं. "आधी शरीर, मग बुद्धी" हे सूत्र मानलं तर माझ्या शाळेतल्या मित्राचं काय करायचं? त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसणं) होती, एक पाऊलही स्वतःहून टाकलेलं नाही. भाषेत आणि गणितात आम्हा पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांना त्यानं कायम मागे टाकलं. त्याची बुद्धी कोणत्या झाडावर चढून तयार झाली?

या विचाराची एक जुनी शाखा आहे, डोमन-डेलाकाटो पद्धत. मेंदूला इजा झालेल्या मुलांचे हातपाय मोठ्या माणसांनी धरून रोज रांगल्यासारखे हलवायचे, की मेंदू पुन्हा क्रमानं घडेल. आईबापांचं अख्खं आयुष्य त्यात जायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८२मध्ये आणि पुन्हा १९९९मध्ये सांगितलं की याला आधार नाही. "मूल रांगलं नाही तर पुढे वाचनात अडकेल" हे त्याच्याच शेपटीला लोंबकळणारं वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६मध्ये पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शंभरातली चारेक बाळं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. सरळ चालायला लागली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं तर २०२२मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारताना रांगणं काढूनच टाकलं.

फसलेला_बाप

उलटतपासणी यांना +१. मी पोळलेला माणूस आहे.

मुलगा वाचनात मागे होता. एका क्लासवाल्यांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचं जुळत नाहीये. उपाय काय, तर उजवं कोपर डाव्या गुडघ्याला, डावं उजव्याला, आणि गळ्याखालच्या हाडाच्या दोन खळग्यांत बोटांनी चोळायचं. त्याला ते 'बटणं' म्हणत. आठ महिने रोज सकाळी आम्ही बापलेक आरशासमोर बटणं चोळत होतो. वाचन होतं तिथेच. शेवटी एका शिक्षिकेनं अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मुळापासून घालून दिली, तेव्हा गाडी हलली. राग पैशांचा नाही. आठ महिने त्याला वाटत होतं की आपल्या डोक्यात काहीतरी उलटं बसवलंय, त्याचा आहे.

पाटी_पुसणं

मी पहिली-दुसरीला शिकवते. दोन्ही बाजूंनी जरा घाई चाललीये, म्हणून वर्गात घडलेलं सांगते.

वजाबाकी शिकवताना फरशीवर खडूनं शून्य ते वीस घरं आखली. "पाचवर उभा राहा, तीन मागे जा." एक मुलगा पाचवरच पाय आपटून "एक" म्हणाला, चारवर "दोन", तीनवर "तीन", आणि छाती पुढे काढून थांबला. पाच वजा तीन, उत्तर तीन. त्याच्या मागून आणखी सहा जण तसेच. वहीत ही मुलं महिनाभर एकानं चुकत होती आणि मी शेरा मारत होते, "लक्ष देऊन सोडव". लक्ष होतंच हो. उभं राहिलेलं घर मोजायचं नाही, पावलं मोजायची, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पायांनी ते मला दाखवलं.

उलटतपासणी

@पाटी_पुसणं, सुंदर प्रसंग. पण तो माझ्या बाजूचा आहे. उड्या मारून ती मुलं शिकली नाहीत, उड्यांमध्येही तीच चूक करत राहिली. शिकली ती तुम्ही समजावल्यावर. तोंडी विचारलं असतं, "बाळा, कसं मोजलंस?" तरी कळलं असतं.

पाटी_पुसणं

विचारलं होतं. "मनात मोजलं" म्हणाला. सहा वर्षांच्या मुलाला विचारून बघा, तो मनातलं कसं सांगतो ते.

तिसरा_बाक

हाडांचा मुद्दा मागे घेते. चित्र बघून भुलले, मान्य.

पण उलटतपासणी, तुमच्या मित्राचं उदाहरण देऊन तुम्ही मी न केलेला दावा खोडताय. चालता न येणारं मूल शिकत नाही असं मी कुठे म्हटलं? तोही नजर वळवून, हात लांबवून, खुर्ची फिरवून जग तपासतच असणार. मुद्दा स्वतःहून केलेल्या हालचालीचा आहे. हेल्ड आणि हाइन यांचा १९६३चा प्रयोग बघा. मांजरीची दोन पिल्लं एका फिरत्या दांड्याला जोडलेली. एक स्वतःच्या पायांनी गोल फिरतं, दुसरं टोपलीत बसून त्याच्यामुळे फिरतं. दोघांना दिसतं तेच. पण टेबलाच्या कडेशी नेल्यावर चालणारं पिल्लू पंजा पुढे करायचं, टोपलीतल्याला ते जमेना. डोळे शाबूत असून अंतर कळेना.

आणि आपली बाळं? कॅरन अॅडॉल्फ यांच्या गटानं २०१२मध्ये नुकती चालायला लागलेली बाळं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. एवढा गृहपाठ कोणती शाळा देते?

उलटतपासणी

टोपलीतलं पिल्लू मोकळं सोडल्यावर थोड्याच दिवसांत ठीक झालं, ते सांगायचं राहिलं. आणि अंतर कळणं वेगळं, जोडाक्षर वाचणं वेगळं. चालणं माणूस लाखो वर्षं करतोय, वाचन काही हजार वर्षांचं. वाचन नुसतं पडून-उठून येत नाही, कोणीतरी शिकवावं लागतं.

फिजिओ_रात्रपाळी

ड्यूटी संपवून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

शरीर आणि मेंदू असे दोन डबे करून भांडताय, तिथेच गोची आहे. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं. दोनेक महिन्यांत हे बंद होतं. मेंदू वाढला की ही प्रतिक्षिप्त क्रिया दबते, असं बरीच वर्षं शिकवत. एस्थर थेलन यांनी १९८४मध्ये काय केलं, तर पावलं टाकणं कमी झालेल्या बाळांना छातीपर्यंत पाण्यात उभं धरलं. पावलं परत आली! मेंदू होता तसाच होता. पायावर चरबी चढली होती, स्नायूंना ते वजन उचलेना, पाण्यानं ते हलकं केलं. तुमच्या भाचीचं खोकं आणि हे पाणी एकाच जातीचं. मुलाला "येत नाही" म्हणण्याआधी त्याला कसं बसवलंय ते बघा, एवढंच माझं रोजचं काम.

आता धागाकर्तीला न आवडणारं. लोंबकळल्यानं अक्षर सुधारत नाही. डीसीडी म्हणजे हालचालींच्या समन्वयाची अडचण असलेली मुलं साधारण ५ ते ६ टक्के असतात, चाळीसच्या वर्गात दोन. बुटाची नाडी बांधता येत नाही, पाणी सांडतं, वही गचाळ. यांनाच 'आळशी', 'वेंधळा' ही बिरुदं मिळतात. पूर्वी यांना तोल, स्पर्श असे 'पायाभूत' व्यायाम देत. आताचा कल असा की जे काम येत नाही तेच काम तुकडे करून, सोपं करून शिकवा. लिहायचंय तर लिहून. नाडी बांधायचीय तर नाडीच घेऊन. झोके घ्या, जरूर घ्या, पण झोक्यातून सुवाच्य अक्षर निघत नाही.

पाटी_पुसणं

@फिजिओ_रात्रपाळी, याला जोडून एक. करिन जेम्स यांच्या २०१२च्या अभ्यासात वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हातानं काढली, काही गिरवली, काही कळफलकावर टंकली. नंतर ती अक्षरं बघताना मेंदूचं स्कॅन केलं. वाचनाच्या वेळी जागे होणारे भाग उठून दिसले ते स्वतः हातानं काढलेल्या अक्षरांसाठी. मुलं मोजकीच होती, त्यामुळे यावर इमले बांधायला नकोत. पण मला त्यातलं 'गिरवणं' टोचलं. आपण ठिपक्यांवरून पानंच्या पानं गिरवून घेतो, कारण ती दिसायला सुबक. स्वतः काढलेला वेडावाकडा 'क' दर वेळी निराळा येतो, आणि त्या सगळ्यांना 'क' म्हणायला डोळा शिकतो. असा माझा अंदाज. मी यंदा गिरवण्याची पानं निम्मी केली. पालकसभेत बोलणी खाल्ली, ते वेगळं.

तिसरा_बाक

फिजिओताई, पटलं, थोडं लागलंही.

पण खेळाच्या तासावर कोणीच बोलत नाहीये. हिलमन यांच्या गटानं २०१४मध्ये २२१ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळ. खेळणाऱ्या गटात मोह आवरणं, एका नियमावरून दुसऱ्यावर मन वळवणं यात जास्त सुधारणा दिसली. कॅनडात त्र्वा-रिव्हिएर इथे १९७०च्या दशकात प्राथमिकच्या मुलांना रोज तासभर जादा व्यायाम दिला, इतर विषयांचा वेळ १३-१४ टक्के कापून. गुण घसरले नाहीत. मग उजळणीसाठी मैदान बंद करणाऱ्यांचा हिशोब काय आहे?

उलटतपासणी

हिलमन यांनी मोजलं ते लक्ष आणि संयम. त्यावरून गणिताचे गुण गृहीत धरू नका. आणि न घसरणं म्हणजे वाढणं नव्हे.

पण हो, खेळाचा तास कापू नये यावर माझी सही घ्या. फक्त 'खेळा म्हणजे गणित येईल' असं लिहू नका, कारण गणित आलं नाही तर उद्या तोच तास "उपयोग नाही" म्हणून पुन्हा कापतील. मूल पळतं कारण त्याला पळायचंय. एवढं कारण पुरत नाही का?

फसलेला_बाप

शेवटच्या परिच्छेदाला +१००. माझ्या मुलाला आरशासमोरचे व्यायाम आठवले तरी कंटाळा येतो. फुटबॉल म्हटलं की जेवण टाकून पळतो. हालचाल तीच, हात-पाय तेच.

तिसरा_बाक

पुरतं. मला पुरतं. मुख्याध्यापकांना पुरत नाही, म्हणून अभ्यास शोधावे लागतात.

आजचा अहवाल: दाराला कागद चिकटवून उभ्यानं लिहायला दिलं. बारा 'ध'पैकी नऊ सुटे, तीन 'घ'. डावा हात सपाट दारावर. मधेच एका पायावर उभी राहून लिहीत होती, मी काही बोलले नाही.

उलटतपासणी

तीन आठवडे सराव झाला म्हणून नऊ आले. :)

दाराची कल्पना मात्र चोरतोय. कागद किती उंचीवर लावायचा?

फिजिओ_रात्रपाळी

डोळ्यांच्या रेषेत, नाहीतर किंचित खाली. आणि आधी कडी लावून घ्या. आमच्याकडे एकदा पलीकडून कोणीतरी दार उघडलं आणि 'ज्ञ'सकट पेशंट आत.