हेरवाडचा ठराव आणि सातबारा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीच्या ठरावाने विधवांना सगळे हक्क मिळाले, असं म्हटलं जातं. तसं नाही. मे २०२२ च्या त्या ठरावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवलं, आणि ते मोलाचंच आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्येच करवीर (कोल्हापूर) संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. पण शेतातला वाटा मिळतो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने: मृत्युपत्र नसेल तर पतीच्या हिश्श्यात पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई समान वारस. नंतर पुनर्विवाह केला तरी तो वाटा जात नाही. तीन महिन्यांच्या आत मृत्यूदाखला जोडून तलाठ्याकडे सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीचा अर्ज द्या. घात होतो तो दिवसकार्याच्या गडबडीत ‘नुसती सही कर’ म्हणत पुढे केलेल्या हक्कसोडपत्राने, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदाने. त्याची दस्त नोंदणी झाली, की ते रद्द करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.