बांगड्यासाठी सहा गळांची माळ खरंच लागते का?

दर्याफिरस्ता
होडीतून बांगडा गरवायचा म्हटलं की बहुतेकांच्या हातात साबिकीच येते. एका तंगुसाला (नायलॉनच्या बारीक दोरीला) सहा बारीक गळ, प्रत्येकाला पीस नाहीतर चमकीचा तुकडा, आणि टोकाला शिसं. मीही कित्येक वर्षं तीच वापरली. आता माझं मत झालंय की तीन गळ पुरेत, आणि पिसांचे रंग निवडण्यात जो वेळ जातो तो खोली शोधण्यात घालवावा.

थवा पाण्याच्या एका थरात फिरत असतो. त्या थराच्या चार वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खाली माळ नाचवत बसलं तर कितीही देखणं पीस रिकामंच वर येतं. मी शिसं सोडताना वाव मोजतो. दर दोन वावांवर थांबून तीन-चार हलके झटके देतो, मग पुढे सोडतो. मासा लागला की तो आकडा ध्यानात ठेवायचा आणि पुढची खेप थेट तिथेच थांबवायची. आणखी एक, बांगडा पुष्कळदा माळ खाली जात असतानाच धरतो. तेव्हा हाताला झटका बसत नाही, उलट दोरी एकदम ढिली पडते, कारण माशाने शिसं उचलून धरलेलं असतं. तळ लागला असं समजून अनेक जण नेमका हाच मासा घालवतात.

रंगाचं म्हणाल, तर पाणी लाल उजेड सगळ्यात आधी शोषून घेतं. दहा वाव खाली लाल पीस काळपटच दिसणार.

सहागळी
साफ असहमत. माझी माळ जवळपास एक वाव उंचीची असते, म्हणजे तुम्ही एका ठिकाणी शोधता तेव्हा मी सहा ठिकाणी शोधतो. पहिला मासा लागला की मी लगेच ओढत नाही. त्याची धडपड बघून बाकीचे जवळ येतात आणि उरलेले गळ भरतात. थवा होडीखाली दहा मिनिटं थांबला तर तीन गळांवर तुम्ही निम्मीच संधी घेता.

दर्याफिरस्ता
थांबायचं तंत्र बरोबर आहे, पण थोडंच. बांगड्याचं तोंड नाजूक असतं. जास्त वेळ खेळवला की गळाचं भोक मोठं होतं आणि मासा काठाशी येऊन सुटतो. शिवाय सहा मासे सहा दिशांना गिरक्या घेतात, माळेचा गुंता होतो. त्या दहा मिनिटांतली पाच गुंता सोडवण्यात गेली तर फायदा उरला कुठे?

सहागळी
गुंता होतो तो हलक्या शिशामुळे, दादा. शिसं वजनदार लावा, माळ ताठ राहते. होडीत घेतानाही वरचं टोक आकड्याला अडकवायचं आणि शिशाचा ताण सुटू द्यायचा नाही. मासे एकेक करून काढायचे. ढील पडली की गुंता झालाच.

चमचेवाला
तुम्ही दोघं माळेतच अडकलात. थवा वर आला असेल, पाणी उकळल्यासारखं दिसत असेल आणि पक्षी सूर मारत असतील, तर हलक्या काठीवर वीस ग्रॅमचा एकच धातूचा जिग, म्हणजे गळ लावलेला चमकता आमिष-तुकडा, फेकून बघा. थव्याच्या मधोमध नाही, पलीकडे टाकायचा आणि कडेने ओढत आणायचा. होडीही थव्यावर न्यायची नाही, वाऱ्याच्या बाजूला इंजिन बंद करून वाहत जाऊ द्यायची. बांगडा जोरात पळतो, हलक्या काठीवर ते खरं कळतं.

नवीन_गरवणारी
मासा समोर दिसतोय, जिगच्या मागे येतोय, पण तोंड लावत नाही. असं का होतं?

जुनं_शिसं
ताई, तेव्हा तो बारीक खाणं खात असतो. आपल्या बांगड्याचे कल्ले उघडून बघा, आत लांब दातऱ्यांची दाट चाळणी दिसेल. तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घ्यायचे, हे त्याचं मुख्य काम. अशा वेळी मोठा जिग त्याच्या कामाचा नाही. अगदी छोटे गळ, बारीक तंगूस, पारदर्शक चमकी, आणि झटके जवळजवळ नकोतच. नाहीतर गळाला माशाच्या कातडीची अरुंद पट्टी लावा, वास मदत करतो. म्हणून मी म्हणतो, गळ तीन की सहा याआधी गळाचा आकार बघा.

चमचेवाला
खोलीसाठी वाव मोजत बसण्यापेक्षा फिशफाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे दाखवणारं यंत्र, लावा की.

जुनं_शिसं
लावा, पण त्यावर सगळा भरवसा नको. बांगड्याच्याच कुळातल्या, थंड समुद्रातल्या अटलांटिक मॅकरलचं उदाहरण घ्या. त्याला, म्हणजे स्कॉम्बर स्कॉम्ब्रसला, हवेची पिशवीच नसते. त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी क्षीण येतो. यंत्राच्या ३८ किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरींपेक्षा २०० किलोहर्ट्झवर तो जास्त उठून दिसतो. पिशवी नसल्यामुळेच तो झपाट्याने खालीवर होतो. मघाशी पडद्यावर दिसलेली खोली आता खरी असेलच असं नाही. हातातली दोरी आत्ताचं सांगते.

नवीन_गरवणारी
मला दर्याफिरस्तांचं तीन गळांचं म्हणणं वेगळ्या कारणासाठी पटतं. गेल्या खेपेला सहा गळांवर इतके मासे आले की आम्ही लहान परत सोडायला लागलो, तेही कोरड्या हातांनी. बरेच आडवे तरंगत गेले. ते बघवलं नाही.

दर्याफिरस्ता
कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि खवले जातात. शिवाय बांगडा पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं, होडीत पडून राहिला की गुदमरतो. सोडायचा असेल तर हातच लावू नका. गळाची दांडी पक्कडीत धरून पाण्यावरच उलटा करा, मासा आपोआप सुटतो. ठेवायचा असेल तर लगेच बर्फात. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन, म्हणजे खाल्ल्यावर अॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

सहागळी
हे मान्य. बर्फाची पेटी भरत आली की मी खालचे तीन गळ कापून टाकीन. पण थवा शोधताना सहाच.