पाचही राईट्स बरोबर होते तरी पेशंट सिरीयस झाला : नर्सला फार्माकॉलॉजी किती यायला हवी?

रातपाळी :
बरेच दिवस मनात आहे ते लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. आपल्याकडून पहिल्या वर्षापासून घोकून घेतात, राईट पेशंट, राईट ड्रग, राईट डोस, राईट रूट, राईट टाइम. मी पण घोकलं. नोकरीला लागून सहा महिने झाले असतील, हार्ट फेल्युअरचे एक आजोबा होते, सकाळी डिगॉक्सिन या हार्टच्या औषधाची ०.२५ मिग्रॅची गोळी. नाव विचारलं, हातावरचा बँड बघितला, स्ट्रिप बघितली, वेळ बघितली, गोळी दिली, सही केली. पाचच्या पाच बरोबर. आजोबा दोन दिवस सांगत होते की जेवण नको वाटतं, मळमळतं, आणि सगळं पिवळट दिसतंय, ते मी वय झालंय म्हणून सोडून दिलं. लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, चालू होतं, पोटॅशियम २.९, म्हणजे कमी, आलेला रिपोर्ट फाईलला लावलेला होता आणि तो मीच लावला होता. पल्स त्या सकाळी घेतलीच नाही. दुपारी पल्स ४२, ईसीजीत ब्लॉक, आयसीयूत हलवलं. वाचले ते, पण मला पुढे कितीतरी दिवस झोप नव्हती.

चौकशीत कोणीच माझी चूक दाखवू शकलं नाही कारण कागदावर सगळं बरोबर होतं. लॅसिक्सने पोटॅशियम उतरतं, पोटॅशियम उतरलं की तोच नेहमीचा डिगॉक्सिनचा डोस विषारी ठरू शकतो, आणि पिवळं दिसणं हे त्याचंच लक्षण, हे मला डोक्यात असतं तर मी ती गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरला फोन केला असता. म्हणून माझं मत आहे की औषध शरीरात काय करतं हे कळल्याशिवाय पाच राईट्स म्हणजे नुसती हजेरी आहे. वॉर्डात असलेल्या प्रत्येक औषधाची फार्मा नर्सला आलीच पाहिजे आणि ते येईपर्यंत तिला एकटीला औषधाचा ट्रे देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

इन्चार्ज_ताई :
तुझं दुःख समजतं गं, पण मत पटत नाही. बावीस वर्षं वॉर्ड सांभाळतेय. डिगॉक्सिनच्या आधी पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजलेले ठोके) घ्यायची आणि मोठ्या माणसात साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून कळवायचं, हा साधा नियम आहे, त्याला फार्माकॉलॉजी लागत नाही, चार्टवर एक रकाना लागतो. तो रकाना तुझ्या वॉर्डात नव्हता ही चूक वॉर्डाची, तुझ्या अभ्यासाची नाही. पहाटे चारला दोन जणींत तीस पेशंट असताना डोक्यातलं ज्ञान हाताशी येतंच असं नाही, त्या वेळी फक्त समोर जे लिहिलेलं आहे तेच हाताला लागतं.

पोटॅशियमचंच बघ. १५ टक्क्यांची दहा एमएलची ॲम्प्युल म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट, डायल्यूट न करता शिरेत पुश केलं तर हार्ट थांबतं, हे कोणत्या नर्सला माहीत नसतं? सगळ्यांना माहीत असतं. तरी जगभर माणसं गेली आहेत कारण ती ॲम्प्युल डिस्टिल्ड वॉटरसारखीच दिसते आणि त्याच ट्रेत पडलेली असते. ते मृत्यू टाळायचा खरा उपाय निघाला तो काय, तर कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम वॉर्डातून उचलून कुलपात किंवा फार्मसीतच ठेवा. शिकवून नाही, उचलून.

आणि अजून एक, नर्सला सगळी फार्मा यायलाच हवी असं एकदा ठरलं की चौकशीत पहिलं वाक्य हेच येणार, तुला माहीत असायला हवं होतं. मी हे वाक्य चांगल्या मुलींना ऐकवलं गेलेलं बघितलंय, त्यातली एक नोकरी सोडून गेली.

रातपाळी :
ताई, नियम लिहिलेला असेल तिथे तुमचं बरोबर आहे. पण जे ऑर्डरमध्येही नाही आणि रकान्यातही नाही त्याचं काय? फेनिटॉइन (फिटचं औषध) लिहून येतं, कशात मिसळायचं ते लिहून येत नाही. डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं तर त्याचे खडे होतात, नॉर्मल सलाईनच लागतं, आणि मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा जोरात गेलं तर बीपी पडतं, ऱ्हिदम बिघडतो. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक एक ग्रॅम लिहिलेलं असतं, निदान तासभर चालवायचं हे कोण सांगतं? भराभर सोडलं की पेशंटचा चेहरा मान लालबुंद, अंगाला खाज, आणि नातेवाईक म्हणतात रिॲक्शन आली, मग फाईलवर ॲलर्जी म्हणून शिक्का बसतो आणि त्या माणसाला पुढे गरज असताना ते औषध मिळत नाही. सेफ्ट्रियाक्सोन (हेही अँटिबायोटिक) रिंगर लॅक्टेट सलाईनच्या लाईनमधूनच देणाऱ्या मी बघितल्यात, त्यातल्या कॅल्शियमबरोबर साका तयार होतो. पाच राईट्समध्ये हे कुठे बसतं सांगा?

कॅन्युला२४ :
दोघींचंही वाचलं. मला वाटतं मूळ दुखणं वेगळंच आहे, औषध काढताना आपल्याला कोणी उभंच राहू देत नाही. फोन, नातेवाईक, राउंड, सिस्टर सलाईन संपली. ऑस्ट्रेलियातल्या दोन हॉस्पिटलांत ९८ नर्सेसच्या मागे उभं राहून ४,२७१ औषधं देताना बघितलं होतं, २०१० साली छापून आलं, त्यात प्रत्येक अडथळ्यामागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. ज्ञान तेच, नर्स तीच, फक्त कोणीतरी मध्येच हाक मारली. आणि डबल चेकचं म्हणाल तर आमच्याकडे दुसरी सिस्टर लांबूनच विचारते "हेपरिन पाच हजार ना?", पहिली "हो" म्हणते आणि दोन सह्या होतात. हा चेक नाहीच. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचून, हिशोब स्वतः करून, मग सिरिंज बघायला पाहिजे, पहिलीने उत्तर सांगायच्या आधी. तेही इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, ओपिऑइड, केमो एवढ्यांनाच ठेवा, प्रत्येक पॅन्टोप्राझोलला दोन सह्या मागितल्या तर कशालाच नीट बघणार नाही कोणी.

औषधवाला :
मी फार्मसीत आहे, नर्स नाही, पण इन्सुलिनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. यू-४० ची व्हायल म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००, आणि सिरिंजही वेगवेगळ्या. यू-४० च्या सिरिंजवर दहाची रेघ म्हणजे पाव एमएल. त्यात यू-१०० चं इन्सुलिन भरलं तर तुम्ही दहा समजून पंचवीस युनिट दिलेत, अडीच पट. डोळ्याला सगळं बरोबर दिसतं, रेघ दहावरच असते. हे कळायला रेघेमागचा हिशोब माहीत लागतो, म्हणून मी रातपाळींच्या बाजूने. पण डॉक्टरने युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर काढलं आणि ते शून्यासारखं वाचून दहाचे शंभर झाले तर ते नर्सच्या ज्ञानावर ढकलू नका, तिथे युनिट हा शब्द पूर्ण लिहायला लावायचा. तसंच १.० लिहू नये, टिंब पुसट असेल तर दहा वाचलं जातं, आणि अर्ध्याच्या आधी शून्य हवंच, ०.५.

इन्चार्ज_ताई :
अमेरिकेतली टेनेसीची केस आठवा. २०१७ चा डिसेंबर, स्कॅनच्या आधी पेशंटला शांत करायला व्हर्सेड म्हणजे आपलं मिडॅझोलाम सांगितलं होतं, नर्सने औषधांच्या मशीनमध्ये नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, ते मिळेना म्हणून ओव्हरराइड केलं, म्हणजे मशीनची अडवणूक ओलांडून औषध काढलं, आणि बाहेर आलं व्हेक्युरोनियम. स्नायू लुळे पाडणारं. पेशंट गेली. २०२२ मध्ये त्या नर्सला कोर्टाने दोषी ठरवलं, तीन वर्षं प्रोबेशन. आता सांगा, तिला व्हेक्युरोनियम काय असतं हे माहीत नसेल का? मशीन अक्षरांवरून भलतं औषध देतंय, ओव्हरराइड ही रोजची सवय झालेली, बरोबर शिकाऊ नर्स, तिच्याशी बोलणं चालू. मी म्हणते ते हेच आहे, सिस्टीम बदला.

रातपाळी :
ताई, त्याच केसमध्ये मला उलटं दिसतं. मिडॅझोलाम तयार पातळ येतं, व्हेक्युरोनियम पावडर असते. तिने पावडर विरघळवली, म्हणजे हात नक्की थबकला असणार की हे रोजच्यासारखं का नाही. झाकणावरच इशारा छापलेला होता. आणि समजा मिडॅझोलामच दिलं असतं तरी त्याने श्वास मंदावू शकतो, म्हणजे देऊन निघून जायचं नसतं, बोटाला सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) प्रोब लावून थांबायचं असतं. ती थांबली असती तर भलतं औषध जाऊनही हाताने श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी होती. तिला गुन्हेगार ठरवलं ते मला अजिबात पटत नाही, पण देऊन झाल्यावर काय होणार हे डोक्यात असणं हीच फार्मा.

इन्चार्ज_ताई :
प्रोबचं म्हणालीस ते मान्य. ते मी विचारात घेतलं नव्हतं.

तिसरं_वर्ष :
मी विद्यार्थिनी आहे, हे वाचून भीती वाटली. इतकी औषधं आहेत, सगळ्यांची फार्मा कशी लक्षात ठेवायची? परीक्षेपुरतं पाठ होतं आणि वॉर्डात गेल्यावर ब्रँडची नावं बघून काहीच ओळखू येत नाही.

रातपाळी :
बाळा, सगळी नाही लागत, घराणी ओळख. शेवटी ओलोल आलं, मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, की देण्याआधी पल्स आणि बीपी, दमा आहे का विचार, आणि डायबेटिसवाला असेल तर शुगर उतरल्यावर होणारी धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो, तो बघ. शेवटी प्रिल आलं की कोरडा खोकला आणि पोटॅशियम वाढतंय का. मॉर्फिनच्या घराण्यात आधी श्वास मोज, स्वतः, घड्याळ लावून. नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा उतारा, दिलं आणि पेशंट जागा झाला म्हणून सुटलीस असं समजू नकोस, ते अर्ध्या-दीड तासात उतरतं आणि मॉर्फिन आत शिल्लक असतं, पेशंट परत झोपेत जातो. मॅगसल्फला (मॅग्नेशियम सल्फेट) गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास, लघवी तासाला ३० एमएल होतेय का, आणि त्याचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट आधीच काढून ठेव. एसआर (हळूहळू सुटणारी) किंवा एंटरिक कोटेड (पोटात न विरघळणाऱ्या कोटिंगची) गोळी रायल्स ट्यूबसाठी, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीसाठी, कुटायची नाही, बारा तासांचा डोस एका दमात जातो किंवा कोटिंगचा उपयोगच राहत नाही.

इन्चार्ज_ताई :
मी म्हणेन आधी गणित पक्कं कर, मग घराणी. ५०० एमएल चार तासात म्हणजे तासाला १२५, वीस थेंबांच्या सेटला मिनिटाला साधारण ४२ थेंब, मायक्रोला (एमएलला साठ थेंबांचा सेट) १२५ च. हे कागदावर मांडून करायचं, तोंडी नाही. पॅरासिटॅमॉलची बाटली १०० एमएलची, एका एमएलमध्ये १० मिग्रॅ. लहान बाळाला ७५ मिग्रॅ लिहिलंय तर साडेसात एमएल. मिग्रॅ आणि एमएलमध्ये गडबड होऊन ७५ एमएल गेलं तर दहा पट, आणि बाटलीत तेवढं असतं त्यामुळे कुठे अडत पण नाही. लिव्हर जातं बाळाचं. कशाचाही हिशोब करून एकापेक्षा जास्त ॲम्प्युल फोडाव्या लागत असतील, किंवा थेंबभरच निघत असेल, तर थांब आणि कोणाला तरी बोलाव. यात लाज नाही.

कॅन्युला२४ :
हे बोलवायचं म्हणता ते खरं अवघड आहे. माझ्या पहिल्या वॉर्डात विचारलं की ओरडायचे. मी दोनदा न विचारता दिलंय, नशिबाने काही झालं नाही, पण अजून आठवतं.

इन्चार्ज_ताई :
माझ्याकडच्या मुली विचारतात, पण रात्री मी नसते तेव्हाचं मला सांगता येत नाही, तिथे तुझं खरं असेल. @रातपाळी, प्रत्येक औषधाची फार्मा आल्याशिवाय ट्रे द्यायचा नाही हे मला अजूनही मान्य नाही, तसं केलं तर रात्रीला नर्सच उरणार नाही. पण चार्टच्या रकान्याचं मी करणार आहे, वॉर्डातली दहा-बारा धोक्याची औषधं, देण्याआधी काय बघायचं, आणि का ते एका ओळीत. तुझ्या म्हणण्यामुळे ते "का" टाकतेय, आधी नुसता आकडा ठेवणार होते.

रातपाळी :
ताई, डिगॉक्सिनच्या ओळीत पल्स आणि पोटॅशियमच्या पुढे एवढं टाका, पेशंटला विचारा पिवळं दिसतंय का. माझे आजोबा दोन दिवस सांगत होते.