मायक्रो-सीटी: प्रोजेक्शन कमी करता येतील का?

प्रश्न: मायक्रो-सीटीत नमुना फिरवत वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण प्रतिमा (प्रोजेक्शन) घेऊन त्याचं आतलं त्रिमितीय चित्र बनवतो. पॅरलल बीम (समांतर किरण), नमुना १००० पिक्सेल रुंद. १८०° मध्ये १५७० प्रोजेक्शन घेतो, तोवर ओला नमुना सुकून आकसतो. कमीत भागेल?

उत्तर १: १५७० म्हणजे रुंदी गुणिले पाय भागिले २, तो हिशेब फिल्टर्ड बॅकप्रोजेक्शनचा (प्रोजेक्शनवरून चित्र बनवायची नेहमीची पद्धत). ३७७ घेऊन टोटल व्हेरिएशनने (चित्रातले बारीक चढउतार दाबणारी पद्धत) रिकन्स्ट्रक्ट करून, म्हणजे चित्र बनवून बघा. टोटल व्हेरिएशनचं वजन (ते किती जोर लावतं) मात्र जपून वाढवा, बारीक छिद्रं बुजतात.

उत्तर २: कोन गोल्डन अँगलने घ्या, दर वेळी १११.२५° पुढे. मग नमुना हलायच्या आधीचीच प्रोजेक्शन वापरली तरी कोन बऱ्यापैकी सारखे पसरलेले मिळतात. २३३, ३७७, ६१० अशा फिबोनाची संख्येइतकी प्रोजेक्शन असतील तर सर्वांत छान. फिरवायचं एकाच दिशेने, नाहीतर बॅकलॅशने (दिशा बदलताना गिअरमधल्या सैलपणाने) कोन चुकतात आणि कडा दुहेरी दिसतात.

उत्तर १: एवढ्या उडीनंतर मोटर स्थिरावायचा वेळ एक्सपोजरपेक्षा जास्त असेल, तर सलग फिरवून इंटरलेस्ड फेऱ्याच (प्रत्येक फेरीत आधीच्या कोनांच्या मधले कोन) बऱ्या.