१२८ चं ३२० केल्याने आवाज सुधारत नाही, मूळ फाइल तेवढी हातची जाते

कर्वेनगर_वीणा

घरात आठवडाभर वाद चालू आहे. मी माझ्या मतावर ठाम आहे, पण ते इथल्या जाणकारांनी तपासून पाहावं म्हणून धागा काढते आहे.

आजोबा कसबा पेठेतल्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. १९८७ च्या आषाढीला बाबांनी टेपरेकॉर्डर नेऊन मंडळाचं भजन टेप केलं. ९० मिनिटांच्या दोन कॅसेटी. आजोबांचा हात ऐकू येतो अशी घरात तेवढी एकच गोष्ट. २००६ मध्ये बाबांनी एका दुकानातून त्या 'सीडीवर करून' घेतल्या. दुकानदाराने १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) ११ एमपीथ्री फाइली करून दिल्या. पुढे घर बदललं, कॅसेटी भंगारात गेल्या. मग कुणीतरी आयफोनसाठी त्या फाइलींचं एएसी केलं, म्हणजे एमपीथ्रीसारखाच आवाज आवळणारा दुसरा फॉरमॅट. गेल्या महिन्यात चुलतभावाने त्या एएसीचं ३२० चं एमपीथ्री केलं. "आता क्लिअर ऐकू येईल," म्हणाला, आणि संगणकावरच्या १२८ च्या फाइली जागा अडवतात म्हणून काढून टाकल्या.

किती जागा? १८० मिनिटं, १२८ केबीपीएस, म्हणजे १७३ एमबी. त्याच्या नव्या फाइलींनी ४३२ एमबी घेतली आहे.

मला फरक टाळांत कळला. आधी टाळेचा ठोका टणक यायचा, काठ असलेला. आता ठोक्याच्या आधीच बारीक सळसळ सुरू होते आणि ठोका पडला की आवाज पाण्यात गेल्यासारखा विरतो. भावाचं म्हणणं, हा माझ्या मनाचा खेळ. मी फाइल स्पेकमध्ये, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर चित्रात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून दाखवली. नाव ३२०, पण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं, पट्टी लावून कापल्यासारखं. १२८ ला बहुतेक एन्कोडर, म्हणजे आवाज आवळून फाइल करणारे प्रोग्रॅम, तिथेच कात्री लावतात. मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दूध वाढत नाही.

सीडीवरचा आवाज असतो सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल. हिशोब केला तर १,४११ केबीपीएस. त्याचं १२८ करायचं म्हणजे अकरा भागांतले दहा टाकायचे. कानाला कळणार नाही असं जे वाटतं ते एन्कोडर टाकतो, आणि ते काम तो हुशारीने करतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण टाकलेलं परत येत नाही. दुसरा एन्कोडर आला की त्याला पहिल्याने सोडलेले डागही संगीतच वाटतात. तो ते जपण्यात बिट खर्च करतो आणि वर स्वतःचे डाग घालतो. वेव्ह, फ्लॅक, अलॅक हे काहीही न टाकता आवाज साठवणारे फॉरमॅट. त्यांचं आपापसांत शंभर वेळा रूपांतर करा, एकही बिट हलत नाही. त्यांच्यावरून एमपीथ्री एकदा करा, चालेल. पण एमपीथ्रीवरून एएसी आणि त्यावरून पुन्हा एमपीथ्री करू नये, आणि केलंच तर मूळ फाइल पुसू नये.

लकडी_पूल

वीणाताई, फाइली गेल्याचं मला खरंच वाईट वाटलं. तरीही मी असहमत आहे, आणि का ते सविस्तर लिहितो.

या विषयावर बोलणं निघालं की फ्लॅकचं सोवळं सुरू होतं. माझी आई ७६ वर्षांची आहे. तिच्याकडे पेनड्राइव्हवर चालणारा छोटा स्पीकर आहे, त्यात फ्लॅक लागत नाही. माझ्या गाडीच्या स्टिरिओला एमपीथ्री आणि डब्ल्यूएमए एवढंच कळतं. मी सीडी फ्लॅकमध्ये रिप करून हार्ड डिस्कवर ठेवल्या तेव्हा घरात त्या दोन वर्षं कुणी ऐकल्या नाहीत. एमपीथ्री करून पेनड्राइव्ह दिला, त्या दिवसापासून सकाळी सहाला भूप सुरू होतो. जी फाइल कुणी लावत नाही ती जपून काय मिळवलं?

दुसरं, ब्लूटूथ. तुम्ही फ्लॅक लावा नाहीतर आणखी काही, ब्लूटूथच्या साध्या एसबीसी पद्धतीत फोन ते जास्तीत जास्त ३२८ केबीपीएसला पुन्हा आवळूनच इयरफोनला पाठवतो. म्हणजे जे 'लॉसी वरून लॉसी', आवळलेल्यावरून पुन्हा आवळणं, तुम्हाला नको आहे ते रोज प्रत्येकाच्या कानात होतंच आहे.

तिसरं, १९८७ ची कॅसेट, घरगुती टेपरेकॉर्डर. १६ किलोहर्ट्झच्या वर त्यात टेपच्या सूं आवाजाशिवाय काय असणार? त्या काळ्या पट्टीत तुमच्या आजोबांची एकही थाप गेलेली नाही.

आणि टिकण्याचंच म्हणाल तर, एमपीथ्रीची पेटंटं संपून २०१७ मध्ये परवाने देण्याचा कार्यक्रमही बंद झाला. ज्या डबड्यात स्पीकर आहे त्यात एमपीथ्री वाजतं. तीस वर्षांनी काय उघडेल, यावर पैज लावायची तर मी एमपीथ्रीवर लावीन.

शनिपार

लकडी_पूल यांच्याशी सहमत. ऐकणं महत्त्वाचं.

कर्वेनगर_वीणा

लकडी_पूल, आईंसाठी एमपीथ्री केलंत ते अगदी योग्य केलंत. पण तुम्ही फ्लॅक हार्ड डिस्कवर ठेवून मग एमपीथ्री केलं, हे तुमच्याच प्रतिसादात आहे. मी तेच मागते आहे! उद्या आईंचा स्पीकर बदलला, नव्याला ऑपससारखा दुसरा फॉरमॅट हवा असला, तर तुम्ही मुळावरून ते करून द्याल. माझ्या हातात मूळ नाही.

ब्लूटूथचा मुद्दा मात्र पटत नाही. ते आवळणं हवेत होतं आणि हवेतच संपतं. साठवलेली फाइल तशीच राहते. भावाने साठवलेलीच बदलली.

पुण्यात हे वेगळं सांगायला नको. २००३ मध्ये एफटीआयआयच्या (फिल्म इन्स्टिट्यूटच्या) आवारात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, आग लागून चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरची, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मवरची, रिळं जळाली. त्यात गेलेल्या चित्रपटांपैकी ज्यांची प्रत इतरत्र आहे, ते आता त्या प्रतीत जेवढे उतरले तेवढेच. प्रत कशी काढली होती याचं महत्त्व मूळ गेल्यावर कळतं. आमच्या घरात आग लागली नाही, फक्त डिलीटचं बटण दाबलं गेलं.

रीळ_आणि_हेड

ध्वनिमुद्रणात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. दोघांचंही थोडं थोडं दुरुस्त करतो.

लकडी_पूल, १६ च्या वर काही नव्हतं, बरोबर. पण वीणाताईंनी ऐकलेला बिघाड तिथला नाहीच. एमपीथ्री आवाज १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधतं, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची. आकडे गोल केल्याने जो कचरा तयार होतो तो एका ठोक्यापुरता न राहता आजूबाजूला पसरतो. सतारीचा किंवा तंबोऱ्याचा लांब स्वर असेल तर तो कचरा स्वराखाली झाकला जातो. टाळ, चिपळ्या, तबल्याची चाट यांच्या आधी शांतता असते. तिथे झाकायला काही नाही, म्हणून ठोक्याच्या आधी सळसळ येते. अशा जागी एन्कोडर चौकट लहान करून बचाव करतो, पण १२८ ला बिट पुरत नाहीत. पुढच्या रूपांतरात चौकटी पहिल्यांच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे पसरलेलं आणखी पसरतं. भजनी मंडळ म्हणजे वीस टाळ एकदम. या तंत्राची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही.

वीणाताई, आता तुमच्या बाजूचं. कॅसेट शाबूत असती तरी फॉरमॅट हा माझ्या यादीत चौथा प्रश्न असता. आधी डेकचं टेप वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मग हेडचा कोन जुळवायचा, आम्ही अझिमुथ म्हणतो. ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण झालं त्याचं हेड जितकं तिरकं होतं तितकंच आपलं करायचं, कानाने, टाळ सगळ्यांत लखलखीत वाजतील तिथपर्यंत. ते चुकलं तर वरचे स्वर टेपवरून उचललेच जात नाहीत आणि फ्लॅक त्या मंद आवाजाची इमानदार नक्कल करतं. त्यानंतर बेल्ट आणि वेग. माझ्या डेकचा बेल्ट तापकीर गल्लीत मिळाला. हे सगळं झालं की १६ बिट ४४.१ घरच्या कॅसेटला भरपूर. २४ बिट ९६ ला तासाला दोन जीबी जातात.

एक बारीक गोष्ट, लोक फसतात म्हणून सांगतो. कॅसेटचं फ्लॅक सीडीच्या फ्लॅकइतकं लहान होईलच असं नाही. फ्लॅक पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधतं आणि चूक तेवढी लिहून ठेवतं. टेपच्या सूं आवाजाचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे तो सगळा लिहावा लागतो.

शनिपार

मग माझ्याकडच्या १२८ च्या एमपीथ्री फ्लॅक करून ठेवू का? निदान पुढे खराब होणार नाहीत.

रीळ_आणि_हेड

नको. ठेवलेली एमपीथ्री आपोआप खराब होत नाही, आणि तीच तुमची मूळ प्रत आहे. फ्लॅक करून फक्त आकार वाढेल, आणि दहा वर्षांनी कुणीतरी ती सीडीवरून घेतलेली समजेल. सुरुवात-शेवट कापायचा असेल तर एमपीथ्रीडायरेक्टकट वापरा. ते चौकटीच्या कडेवर कापतं, पुन्हा एन्कोड करत नाही. आवाज लहानमोठा करायला एमपीथ्रीगेन, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी. ऑडॅसिटीत खरखर वगैरे काढलीत तर मात्र ती नवी प्रत फ्लॅकमध्ये ठेवा आणि जुनी एमपीथ्री शेजारी तशीच असू द्या.

मंडई_सकाळ

धाग्यात कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, रूपांतरात नावंही मरतात. आमच्याकडच्या २००५ च्या फाइलींवर बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली मराठी नावं होती. आता तिथे नुसती चिन्हं दिसतात. कोणतं गाणं, कोण गायलं, कुठल्या गावचं, ते सांगणारी आत्या गेली. टॅगच्या, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या नावगावाच्या, जुन्या आयडीथ्री आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट एवढीच जागा, आणि युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रेसकट. फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ मध्येच असतात, हे एक त्याच्या बाजूने. पण मी सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवते.

लकडी_पूल

काल रात्री बसून करून पाहिलं. फूबार२००० मध्ये एबीएक्स आहे. कुठली फाइल वाजते आहे ते न सांगता वाजवतं आणि आपण ओळखायचं. माझ्या एका सीडीवरच्या भजनाचं फ्लॅक घेतलं. त्यावरून थेट केलेलं ३२०: सोळांपैकी ९ बरोबर. निव्वळ अंदाजानेही आठ येतात, म्हणजे मला फरक कळला नाही. माझं ते म्हणणं कायम आहे.

मग वीणाताईंच्या भावाने केलं तसंच केलं. १२८, त्यावरून एएसी, त्यावरून ३२०. सोळांपैकी १५. पहिल्या तीन फेऱ्यांनंतर हेडफोन नीट लावायचीही गरज उरली नाही. टाळेच्या आधीची सळसळ एकदा ऐकली की ऐकू येतच राहते. वीणाताई, हा मनाचा खेळ नाही. भावाला माझा आकडा सांगा.

फ्लॅक सगळ्यांनी ठेवावंच, हे मात्र अजून पटलेलं नाही. बाजारात मिळणारी सीडी ३२० मध्ये ठेवली तर काही बिघडत नाही, पुन्हा मिळेल. घरचं मुद्रण ही वेगळी गोष्ट आहे, एवढं मान्य.

कर्वेनगर_वीणा

घरचं आणि बाजारचं हा भेद मी धाग्यात करायला हवा होता. तरी जुन्या नाट्यसंगीताच्या कितीतरी सीडी आता दुकानात मिळत नाहीत, तेव्हा 'पुन्हा मिळेल' हे जपून म्हणा.

बातमी अशी की २००६ ची दुकानदाराची सीडी सापडली. बाबांच्या पासबुकांच्या पिशवीत होती. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, शेजारच्यांच्या संगणकावर लावली. ११ पैकी ८ फाइली उतरल्या, १२८ च्या, मूळच्या. तीन जागी संगणक अडकतो आणि चूक दाखवतो. त्यातली सातवी फाइल म्हणजे पहाटेची, आजोबा एकटे वाजवतात ती.

रीळ_आणि_हेड

सीडी घासू नका, टूथपेस्ट वगैरे काहीही लावू नका. ओल्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल नाही. लिहिलेल्या सीडीतला रंग वयाने फिका होतो, आणि प्रत्येक ड्राइव्हची वाचायची ताकद वेगळी असते. दुसरा, तिसरा ड्राइव्ह लावून पाहा, कमीत कमी वेगावर. अडकलेली फाइल अर्धी उतरली तरी टाकू नका. एमपीथ्रीची प्रत्येक चौकट बरीचशी सुटी असते, त्यामुळे मधला तुकडा गेला तरी पुढचं वाजतं. भावाच्या ३२० च्या त्या तीन फाइली तोवर कुणालाही पुसू देऊ नका.

लकडी_पूल

माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपचे दोन ड्राइव्ह आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे, दोन्ही चालू. शनिवारी संध्याकाळी नळस्टॉपला येतोच आहे, घेऊन येतो. व्यनि करा.