सक्तीची लष्करी सेवा की स्वेच्छेची भरती?

प्रश्न (कोपरखैरणे)

नमस्कार. २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर आमच्या सोसायटीत विषय निघाला की, इस्रायलप्रमाणे आपल्याकडेही प्रत्येक मुलाला लष्करी सेवा सक्तीची करावी, म्हणजे तरुणांना शिस्त लागेल. बहुतेकांनी होकार दिला. माझे वडील साताऱ्याहून माथाडी कामासाठी इथे आले आणि दोन्ही काका फौजेतून निवृत्त झाले. माझा सतरा वर्षांचा मुलगा भरतीच्या तयारीसाठी पहाटे साडेचारला उठून खाडीकडच्या रस्त्यावर १,६०० मीटर धावतो. साडेपाच मिनिटांच्या आत येण्यासाठी त्याला अजून अकरा सेकंद कमी करायचे आहेत, आणि तो आकडा त्याने अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. इच्छा असलेल्या मुलांनाच जिथे जागा पुरत नाहीत, तिथे सक्ती कशासाठी?

उत्तर १ (ठाणे, इतिहासाचे प्राध्यापक)

ताई, आपली शंका रास्त आहे. इस्रायल किंवा सिंगापूर यांची लोकसंख्या इतकी कमी आहे की राखीव दल उभे करायचे तर सर्वांना प्रशिक्षण देण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय नाही. सिंगापूरने स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, म्हणूनच सक्ती आणली. आपल्याकडे दरवर्षी एक कोटीहून अधिक मुलगे अठरा वर्षांचे होतात आणि संपूर्ण भूदल बारा लाखांच्या आसपास आहे. राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते, मात्र तीत धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. म्हणजे अडचण कायद्याची नाही. एवढ्या मुलांना ठेवायचे कुठे, शिकवायचे कोणी आणि त्यांचा खर्च कशातून काढायचा, ही अडचण आहे.

उत्तर २ (वाशी)

सर, संख्येचा मुद्दा मान्य आहे, पण एक गोष्ट मनाला लागते. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि आजही तिथल्या घराघरांतून मुले फौजेत जातात. आमच्या इमारतीतून मात्र आजवर एकही गेलेला नाही. सक्ती शिस्तीसाठी नको, पण संरक्षणाचा भार ठरावीक गावांनीच का वाहावा?

उत्तर १ चे लेखक

हा प्रश्न टाळता येणार नाही. मात्र सक्तीने भार समान वाटला जातोच असे नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सक्तीची भरती केली, तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सवलत मिळत असल्याने सधन घरांतील मुलांना सुटण्याची वाट होती. पुढे १९६९ मध्ये सोडत पद्धत आणली आणि १९७३ मध्ये सक्तीच बंद झाली. आपलाही अनुभव आहे: चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली.

उत्तर ३ (ऐरोली, निवृत्त सुभेदार)

मी पलटणीत बरीच वर्षे नव्या मुलांना शिकवले आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो. रात्री दोनच्या पहाऱ्यावर, थंडीने बोटे बधिर झालेली असताना, जवान जागा राहतो तो शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर शेजारच्या मोर्चातले सोबती आपल्या भरवशावर झोपले आहेत, हे तो जाणतो म्हणून. जबरदस्तीने आणलेला मुलगा बूट चमकवायला शिकेल, कवायतही बिनचूक करेल. हा भरवसा त्याच्यात कसा रुजवायचा, हे मला कधी उमगले नसते. शिस्त घरात आणि शाळेत लावावी, फौजेला त्याचे साधन करू नये. वाशीच्या बंधूंना भार वाटून घ्यायचा असेल, तर प्रादेशिक सेना १९४९ पासून आहे. तिथे आपली नोकरी सांभाळून सेवा करता येते.

ताई, मुलाने रोज पूर्ण अंतर जोर लावून धावू नये, आठवड्यातून दोन दिवस ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या माराव्यात. आणि आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, मैदान नंतर. तेव्हा गणिताकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका.